पुसलेली बाजू

खंडेनवमीच्या सकाळी मामांनी माझी बस पुसली.

पुसली म्हणजे अर्धीच पुसली. मी आत पुरण ढवळत होते. बाहेर हॉलमध्ये पाटावर लाल कापड अंथरून घरातली हत्यारं मांडली होती. नवऱ्याचं ड्रिल मशीन, विळी, सुऱ्या, कात्र्या, आणि एका कडेला माझा पसारा: निपर, चिमटे, बारीक पात्याची सुरी, एअरब्रश. त्या पसाऱ्यामागे, झेंडूच्या माळेला टेकवून ठेवलेली माझी एसटी. लांबी 34 सेंटीमीटर. मामा आदल्या रात्री दापोडीहून मुक्कामाला आले होते. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून ते पूजेला बसले, तर त्यांना दिसलं की बाकी सगळं लखलखीत आहे, गाडी तेवढी धुवायची राहिलीय. त्यांनी कुणाला विचारलं नाही. मोरीतून फडकं ओलं करून आणलं, गाडी डाव्या हातावर आडवी घेतली आणि टपापासून खाली, एकेक खिडकी धरत, पुसायला लागले. मी हळदीकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आले तेव्हा उजवी बाजू पूर्ण झाली होती आणि फडकं पुढच्या काचेकडे वळलं होतं.

“मामा, नको!” असं मी ओरडले. एवढ्यानं, की मुलानं कानातले हेडफोन काढले. मामांचा हात जिथल्या तिथे थांबला. “पुसायची नव्हती होय?” ते म्हणाले. मग गाडी जपून पाटावर ठेवली, मोरीत जाऊन फडकं पिळलं. तांबडं पाणी निथळलेलं मला दारातून दिसलं. माझी तीन आठवड्यांची धूळ त्या पाण्यातून गेली. परत येऊन त्यांनी गाडीच्या नाकावर हळदीकुंकू वाहिलं, एक झेंडू ठेवला, नमस्कार केला आणि चहा झाला का म्हणून विचारलं. जेवताना पुरणाचं कौतुक केलं. संध्याकाळच्या लोकलने जायचं ठरलं होतं, ते दुपारीच निघाले. ऊन उतरायच्या आत पोचतो, म्हणाले.

एकाहत्तर वर्षांच्या माणसावर मी धुळीसाठी ओरडले.

या धुळीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर मी निव्वळ विचित्र ठरेन. तशी सासूबाईंच्या लेखी मी ठरलेलीच आहे. “नवी वस्तू आणायची आणि मळवायची,” हे त्यांचं माझ्या छंदाचं वर्णन, आणि त्यात खोट काढायला जागा नाही. सुरुवात मुलाच्या बाराव्या वाढदिवसापासून झाली. त्याला टामिया या जपानी कंपनीची जोडायची प्लॅस्टिकची विलिस जीप आणली, 1/35, म्हणजे खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्शाची. त्यानं उत्साहानं दोन चाकं जोडली आणि तिसऱ्या चाकाला त्याचं क्रिकेट सुरू झालं. खोकं महिनाभर टीव्हीखाली पडून होतं. एका रविवारी दुपारी मी ते आवरायला घेतलं आणि आवरता आवरता चौथं चाक जोडून बसले. मॉडेल जोडायच्या त्या पातळ सिमेंटची बाटली उघडली की नेलपेंटचा वास येतो, कारण आतली द्रव्यं बरीचशी तीच. फरक एवढाच की हे सिमेंट चिकटवत नाही, प्लॅस्टिक विरघळवतं. दोन तुकडे एकमेकांना टेकवून धरायचे आणि ब्रशचं टोक फटीला नुसतं लावायचं. थेंब आपोआप फटीतून धावत जातो, कडा मऊ होतात, एकमेकांत मुरतात, आणि दुसऱ्या दिवशी तिथे सांधा उरत नाही. दिवसभर बँकेच्या काउंटरवर लोकांच्या सह्या जुळवणाऱ्या बाईला, दोन गोष्टी अशा न भांडता एक होताना बघून काय वाटलं असेल, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

पुढे या नादात वाचलं बरंच. 1/35 हे प्रमाण एवढं सगळीकडे का, तर टामियानं 1961 साली पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं किट काढलं तेव्हा आत बॅटऱ्या मावतील असं माप धरलं, आणि ते मोजल्यावर साधारण पस्तिसावा हिस्सा भरलं. बस्स. जगभरची मोठमोठी माणसं ज्या आकड्याशी प्रामाणिक राहायला जिवाचं रान करतात, तो आकडा सेलच्या मापावरून आलेला. ही टामिया शिझुओकाची, मुळात लाकडाची वखार. आधी लाकडी मॉडेल करायची, प्लॅस्टिकनं तो धंदा बसवला तेव्हा 1960 मध्ये तीही प्लॅस्टिककडे वळली. इंग्लंडच्या एअरफिक्सचं पहिलं मॉडेल तर 1949 चा फर्ग्युसन ट्रॅक्टर. तो छंद म्हणून निघालाच नव्हता. ट्रॅक्टर विकायला फिरणाऱ्या लोकांना दाखवायला काहीतरी हातात हवं, म्हणून फर्ग्युसन कंपनीनं करून घेतला. म्हणजे तो नक्कीच चकचकीत असणार. मातीनं भरलेला ट्रॅक्टर दाखवून कोण विकेल?

मळवणं नंतर आलं. 1970-80 च्या दशकांत बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हेरलिंडन यांच्यासारख्या लोकांनी गाडी रंगवून झाली की तिथे काम संपत नाही, हे सगळ्यांच्या गळी उतरवलं. पातळ काळपट रंग खाचाखोचांत सोडायचा, त्याला वॉश म्हणतात. जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून घासायचा, तो ड्रायब्रश. खाली गंजाचा रंग, त्यावर केसांचा स्प्रे, त्यावर वरचा रंग, आणि वाळल्यावर ओल्या ब्रशनं घासलं की रंगाचे पोपडे निघून खालचा गंज डोकावतो. हे पहिल्यांदा जमलं त्या रात्री मी नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवलं होतं. त्यानं जीपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, “छान गंजलीय,” म्हणाला आणि कूस बदलली. आता या सगळ्याला वेदरिंग म्हणतात आणि त्याच्या भुकट्यांच्या बाटल्या मिळतात. नावं वाचण्यासारखी असतात. युरोप डस्ट. व्हिएतनाम अर्थ. गल्फ वॉर सँड. जिथे जिथे रणगाडे गेले तिथली धूळ बाटलीत भरून विकायला आहे. जिथे फक्त एसटी गेली तिथली नाही.

एसटीचं किटही कुठे मिळत नाही. आपल्याकडची हौशी पोरं सनबोर्ड कापून एकाहून एक सुंदर बस करतात, मी त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही. मी जरा आळशी रस्ता काढला. जपानी सिटीबसचं 1/32 किट मागवलं. जपानमध्ये गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डावीकडून धावतात, म्हणजे स्टिअरिंग उजवीकडे, दार डावीकडे; निम्मं काम झालं, असा माझा हिशोब. तो हिशोब खोक्याचं झाकण उघडेपर्यंत टिकला. जपानी बसचं इंजिन मागे, आपल्या लाल गाडीचं पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. ते बॉनेट नसेल तर गर्दीच्या दिवशी ज्यांना तिथे टेकायला मिळायचं आणि खालून चटके बसायचे, त्यांना ही बस एसटी वाटणार कशी? तिथल्या खिडक्या मोठ्या, अखंड. आपल्याला दोन सरकत्या काचा हव्यात, ज्या खडखडतात. तिथली जमीन बुटकी. आपल्याला पायऱ्या हव्यात. मग दार हलवलं, छत कापलं, मागची जाळी बुजवली, टप बसवला, मागे शिडी लावली. काचा बसवायच्या वेळी घाईत फेविक्विक वापरलं आणि त्याच्या वाफेनं दोन खिडक्या आतून धुक्यासारख्या पांढऱ्या झाल्या. त्या तशाच ठेवल्यात, कुणी विचारलं तर घाटातलं धुकं म्हणते. शेवटी मूळ किटमधलं काय उरलं, तर चाकं, स्टिअरिंग आणि खोकं.

पत्र्याची गोष्ट मात्र मला स्वतःला आवडते. जुन्या गाड्यांचा पत्रा ॲल्युमिनियमचा, त्यावर रिव्हेटांच्या रांगा. खिडकीशी बसलेल्या प्रत्येक पोरानं त्या बोटानं मोजलेल्या असतात. एसी बसवणारे ॲल्युमिनियमची चिकटपट्टी वापरतात, ती आणली. सासूबाईंच्या शिलाईच्या डब्यात कापडावर खुणा करायचं दातेरी चाक होतं, ते पट्टीच्या उलट्या बाजूनं फिरवलं. सुलट बाजूला बारीक ठिपके उठले, एका रांगेत, तीन मिलिमीटरवर एक. गुणिले बत्तीस केलं तर दहा सेंटिमीटरला थोडं कमी. मी त्यावरून बोट फिरवलं आणि चिपळूणच्या स्टँडवर पोचले.

माझी बस चिपळूणची. म्हणजे ती मी चिपळूण आगाराची केली, कारण आमचं आजोळ तिथलं, आणि मी ज्या गाड्यांतून उलट्या करत मोठी झाले त्या चिपळूण–पुणे. कुंभार्ली घाट चढायचा, पाटणवरून पुढे साताऱ्याला लागायचं. घाटाच्या पायथ्याशी आई लिंबू काढून हातात द्यायची, “हुंगत राहा, बाहेर बघ, बोलू नकोस.” मी बाहेर बघायचे. खिडकीच्या चौकटीत साचलेल्या धुळीत बोटानं नाव लिहायचे आणि वळण आलं की ते नाव हाताखाली पुसलं जायचं. त्या धुळीला रंग होता. खाली कोकणात जांभ्याची, तांबडी, हाताला लागली की तळव्याच्या रेषांत बसणारी. घाट चढून वर गेलं की रस्त्याकडेची माती बदलायची, काळपट, राखाडी व्हायची. उन्हाळ्यात पुण्याला उतरेपर्यंत गाडीच्या अंगावर दोन्ही असायच्या, तांबडीवर राखाडी. केस विंचरले की आधी राखाडी निघे, न्हाताना तांबडी.

ही धूळ बाटलीत मिळत नव्हती, म्हणून मी तयार केली. मे महिन्यात गावी गेले तेव्हा पडक्या गडग्यातला जांभ्याचा चिरा फोडून चार तुकडे डब्यात घातले. पुण्यात आणून मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवले. (ते भांडं नंतर कायमचं माझं झालं, नवं घ्यावं लागलं.) आधी गाळण्यातून, मग जुन्या पायमोज्यातून चाळलं, कारण 1/32 मध्ये वाळूचा एक कण म्हणजे रस्त्यात पडलेला दगड. जी हळदीसारखी मऊ भुकटी उरली ती ब्रशवर घेऊन चाकांच्या कमानींतून वर, दाराच्या पायऱ्यांवर, मागच्या पत्र्यावर लावत गेले. धूळ सगळीकडे सारखी बसत नाही. चाकामागे पंख्यासारखी उडते, रिव्हेटांच्या खाली अडकते, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत साचते, आणि जिथे लोक हात ठेवून चढतात तिथे मुळीच नसते. पुढच्या काचेवर वायपर फिरतो तेवढा भाग कागदानं झाकून भोवती धूळ उडवली, मग कागद काढला. दोन स्वच्छ अर्धवर्तुळं उरली. त्यावर वॉर्निश मारलं नाही. मारलं की भुकटी गडद पडते, तिची धूळ राहत नाही, डाग होतो. म्हणून ती तशीच अंगावर बसलेली होती. फुंकरीनं उडाली नसती. ओल्या फडक्यानं जाणारच.

हे मी मामांना सांगितलं नव्हतं. त्यांना सगळं माहीत असणार, असं मी का धरून चालले होते कुणास ठाऊक.

मामा एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत रंगकामाला होते. राज्यात अशा तीन: दापोडी, छत्रपती संभाजीनगरजवळ (तेव्हाचं औरंगाबाद) चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा. गाडीचा सांगाडा तिथे येतो आणि बस होऊन बाहेर पडते. लहानपणी मामा सुट्टीवर चिपळूणला आले की मी आधी त्यांची नखं बघायचे. नखांच्या मुळाशी लाल कड असायची, कितीही धुतलं तरी राहिलेली. मी फार लहान असताना ते रक्त समजून रडले होते म्हणे. आजी रॉकेलचा बोळा द्यायची, ते अंगणात बसून एकेक बोट घासायचे. आज मी थिनरची बाटली उघडते तेव्हा त्यात रॉकेल नसूनही मला ते अंगण येतं. त्यांचे शब्दही माझ्या तोंडात बसलेत. मॉडेलवाले फिलर म्हणतात, मी लांबी म्हणते. ते कोट म्हणतात, मी हात. “आधी लांबी भर, मग वॉटर पेपर, मग अस्तर, आणि मग रंगाचे हात. पहिला हात कधी झाकायला जाऊ नये, बाय. झाकायला गेलीस की ओघळ येतो.” हे त्यांनी मला माझ्या पहिल्या जीपच्या वेळी फोनवर सांगितलं होतं. कुठल्याही परदेशी व्हिडिओत हे एवढ्या थोडक्यात सांगितलेलं मला आढळलं नाही.

त्यांच्याबरोबर रस्त्यानं चालणं ही एक गंमत असते. एसटी दिसली की ते पाटी बघत नाहीत, नंबर बघतात. गाडी चिपळूणची असो की चंद्रपूरची, जिथे बांधली तिथला नंबर तिला असायचा. एमएच-20 म्हणजे चिकलठाण्याची. हिंगण्याच्या आधी एमएच-31, मग 40. दापोडीच्या आधी 12, नंतर 14. “नंबर म्हणजे माहेर,” मामा म्हणतात. “डेपो हे सासर. ते बदलतं.” सिग्नलला एखादी एमएच-14 थांबली की हळूच म्हणतात, “आमची.” मग तिच्या अंगावर नजर फिरवतात. कुठे घासलेलं आहे, कुठे पोचा आलाय, सगळं बघून घेतात आणि काही बोलत नाहीत. 2012 ला निवृत्त झाले. त्यानंतरच्या गाड्यांनाही ते आमचीच म्हणतात.

एकदा मी विचारलं होतं, पहिली एसटी तुम्ही पाहिलीत का. ते हसले. 1 जून 1948 ला पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली तेव्हा त्यांचा जन्मही नव्हता. “पण ती लाल नव्हती,” ते म्हणाले. “निळी, वरून चंदेरी. लाल नंतर झाली.” हे सांगताना जरा नाराजीच होती सुरात, जणू थोरल्या घरात आधी दुसरं कुणी नांदून गेलं.

आणि मी त्यांच्यासमोर काय ठेवलं, तर मळलेली गाडी. तीही एमएच-20, कारण मी ज्या फोटोवरून केली त्यात तोच नंबर होता. आदल्या रात्री जेवण झाल्यावर मी ती मोठ्या ऐटीत त्यांच्या हातात दिली होती. त्यांनी चष्मा चढवला. बराच वेळ बघितलं. “चिकलठाण्याची,” म्हणाले. मग रिव्हेटांवरून बोट फिरवलं, थांबले, परत फिरवलं. “हे कशानं केलंस?” मी दातेरी चाक दाखवलं. ते खूश झाले, खरंच झाले. पिवळा पट्टा बघून म्हणाले, कड सरळ आलीय, टेप काढायला घाई केली नाहीस. धुळीबद्दल अक्षर काढलं नाही. मला वाटलं, धूळ इतकी खरी उतरलीय की त्यांना ती वेगळी दिसलीच नाही. मी हे कौतुक म्हणून घेतलं आणि झोपले.

ते गेल्यावर चार-पाच दिवस मी बसला हात लावला नाही. उजवी बाजू टेबलाकडे वळवून ठेवली, मळकी बाजू माझ्याकडे. एका रात्री मात्र दिवा लावून पुसलेली बाजू नीट पाहिली. मला राग यायचा होता, पण बघता बघता दुसरंच दिसायला लागलं. फडकं वरून खाली फिरलं होतं, प्रत्येक खिडकीची चौकट वेगळी पुसलेली, कोपरे बोटाच्या टोकानं. चाकाच्या कमानीतली धूळ मात्र तशीच ठेवली होती. ओल्या फडक्यानं तिथली पुसली की राड होते, आणि ती राड पिवळ्या पट्ट्यावर येते. पट्ट्यावर एकही ओघळ नव्हता. मी धूळ लावायला तीन आठवडे घेतले आणि त्यांनी ती पाच मिनिटांत काढली, पण दोन्हीमध्ये हात सारखाच सवयीचा होता. ज्या शेडमधून गाडी बाहेर पडताना तिच्यावर बोटाचा ठसासुद्धा चालत नाही, तिथे त्या माणसानं छत्तीस वर्षं काढली. दरवर्षी खंडेनवमीला हत्यारं, यंत्रं, गाड्या धुऊन पुसून मांडायची, मग हळदीकुंकू. मळक्या गाडीवर हळदीकुंकू कोण वाहतं?

आणि तरी मला माझी धूळ परत हवी होती. हेही खरं, लपवून काय करू. मी बाटली काढली, ब्रश घेतला, आणि पहिल्या खिडकीखाली थोडी भुकटी लावूनही पाहिली. रंग तोच, चिरा तोच, पण बसेना. आधीची धूळ जणू कुठून तरी आली होती, ही मी लावत होते. पुसून टाकली. तेवढ्यापुरतं फडकं मीही वापरलं.

भाऊबीजेला आईला घेऊन दापोडीला गेले. आईची ओवाळणी, मामींचे बेसनाचे लाडू, मामांच्या घरात तोच जुना कॅलेंडरचा खिळा. बस मी बुटांच्या खोक्यात, जुन्या ओढणीत गुंडाळून नेली होती. का नेली, हे मलाही धड माहीत नव्हतं. माफी मागायची म्हटली तर खोकं कशाला हवं? जेवणं झाल्यावर खोकं उघडलं तेव्हा मामा काही बोलले नाहीत. हात धुऊन आले, टॉवेलला पुसले, आणि गाडी उजव्या बाजूनं स्वतःकडे करून खिडकीच्या उजेडात धरली.

“मार्गचा रफार नाही,” ते म्हणाले.

मला कळेना. त्यांनी मागच्या खिडकीखाली नख दाखवलं. तिथे मी ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ लिहिलं होतं. लिहिलं म्हणजे डीकॅल, छापून चिकटवायची अक्षरं, लावलं होतं. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, त्यामुळे लालवर पांढरी अक्षरं हवी असतील तर पांढऱ्या डीकॅल कागदावर अक्षरं सोडून भोवतीचा लाल छापावा लागतो. तो लाल बसच्या लालशी कधी जुळत नाही, म्हणून अक्षरांच्या अगदी कडेनं कापावं लागतं. अक्षर दीड मिलिमीटरचं. शेवटाकडे माझं पातं वर सरकलं असणार आणि रफार कागदाबरोबर गेला. माझ्या बसवर तीन महिने ‘पडण्याचा माग’ लिहिलेलं होतं. मी ते रोज भिंगातून बघत होते.

“तुम्हाला आत्ता दिसलं?”

“त्या दिवशीच दिसलं. पुसताना. पण तू ओरडलीस.”

मामी हसल्या, आई हसली, मीही हसले, थोडी उशिरा. मामा उठून आत गेले. एक जुना डालड्याचा डबा घेऊन आले, त्यात ब्रश. त्यातला एक इतका बारीक की टोकाला चार-पाच केसच असावेत. पांढरा रंग माझ्याच पिशवीतला घेतला, झाकणात एक थेंब, त्यात ब्रशचं टोक बुडवून नखावर दोनदा ओढून बघितलं. त्यांचा हात आता थरथरतो. ब्रश हातात घेतला की मनगट टेबलावर टेकवतात, डाव्या हाताची करंगळी उजव्या हाताखाली टेकू म्हणून घालतात, आणि श्वास सोडून थांबतात. घरात सगळे गप्प झालो. टोक टेकलं आणि उचललं गेलं. रफार जरा जाड आला, शेजारच्या अक्षरांना न शोभणारा, छापील ओळीत हातानं लिहिलेला. त्यांना तो आवडला नाही, हे मला दिसलं. ओल्या काडीनं पुसून परत करू का म्हणाले. मी म्हटलं, नको. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझा त्या दिवशीचा ‘नको’ आणि आजचा ताडून बघितल्यासारखं, आणि ब्रश धुवायला घेतला.

ब्रश पुसून झाल्यावर त्यांनी गाडी फिरवली. मळकी बाजू समोर आली. चष्मा कपाळावर सरकवून, गाडी डोळ्यांपासून लांब धरून, आगाराचं नाव वाचलं. चाकामागे पंख्यासारख्या उडालेल्या तांबड्या धुळीकडे बघितलं, तिच्यावरच्या राखाडीकडे बघितलं.

“घाटातनं आलीय?”

“हो. कुंभार्ली.”

“पाऊस नव्हता तर,” मामा म्हणाले, आणि खोक्यात ठेवताना मळक्या बाजूला बोट लागू नये म्हणून त्यांनी गाडी टपाला धरून उचलली.